घर लहान करताना हाताने केलेले कपडे कसे द्यावेत

निवृत्तीनंतर मोठं घर सोडून दोन खोल्यांत जाणाऱ्या घरांमध्ये एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहते. भांडी, फर्निचर, पुस्तकं यांचा विचार आधी होतो. हाताने विणलेले स्वेटर, कशिदा काढलेल्या साड्या, मुलांची झबली-टोपडी मात्र सामान हलवायच्या शेवटच्या आठवड्यावर येतात. मग एका संध्याकाळी अर्धं गाठोडं भाचीच्या गळ्यात पडतं, अर्धं बोहारणीकडे जातं आणि पुढे वर्षभर "तो निळा स्वेटर कुठे गेला गं?" हे चालूच राहतं.

माझ्याकडून हेच झालं. नाशिकचं घर सोडताना आईने विणलेला मरून स्वेटर जुन्या चादरींच्या गाठोड्यात बोहारणीकडे गेला. त्याच्या डाव्या खिशाला आईने आतल्या बाजूने माझं आद्याक्षर भरलं होतं. बदल्यात आलेलं पातेलं अजून माझ्या ओट्यावर आहे. त्यानंतर नणंदेचं, दोन मैत्रिणींचं आणि शेजारच्या काकूंचं घर आवरायला मी मुद्दाम गेले. त्यातून बसलेला क्रम खाली देते. बाकी काही बदललंत तरी चालेल, हा क्रम बदलू नका: आधी वेगळं काढणं, मग कसरीचा (लोकर खाणाऱ्या किडीचा) बंदोबस्त, मग नोंद, मग विचारणं, मग धुणं, मग देणं. बहुतेक घरांत सुरुवात धुण्यापासून नाहीतर थेट देण्यापासून होते आणि तिथेच घोळ होतो.

टप्पा १: वेळ आणि जागा

घर हलवायच्या किमान ३ महिने आधी सुरुवात करा. शक्य असेल तर पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबरात ट्रंका उघडल्या की दमट हवा आत शिरते, आणि घडी करून पुन्हा ठेवलेल्या कपड्याला बुरशीचा वास धरतो. पाऊस सरल्यावरची ऑक्टोबरची कोरडी हवा या कामाला सगळ्यांत चांगली.

लागणारं सामान थोडंच आहे: जुनी पांढरी चादर, मोजपट्टी, एक वही, सुईदोरा, मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, खाकी कागद आणि मलमल किंवा धुऊन मऊ झालेलं धोतर. वर्तमानपत्र नको, त्याची शाई कपड्याला लागते.

एका बैठकीला दोन तासांपेक्षा जास्त बसू नका. हे कपडे आहेत तशा आठवणीही आहेत. तिसऱ्या तासाला माणूस एकतर सगळंच ठेवतो, नाहीतर वैतागून सगळंच देऊन टाकतो.

टप्पा २: सगळं बाहेर, एकाच वेळी

कपाट, ट्रंक, माळा, दिवाणाचा कप्पा, मुलाच्या घरी ठेवलेली बॅग, सगळीकडचे हाताने केलेले कपडे पांढऱ्या चादरीवर आणा. पांढरी यासाठी की त्यावर किडा, कसरीची भुकटी, गंजाचा कण लगेच दिसतो.

चार ढीग करा: लोकर, सुती, रेशमी आणि जरीचं, तान्ह्या बाळाचं. घरात कुणी गेलं असेल तर त्यांचे कपडे या ढिगांत मिसळू नका. ते वेगळे ठेवा आणि त्यांच्याकडे शेवटी, घरातलं आणखी कुणी सोबत असताना वळा.

*तपासा:* विकतचे आणि हातचे कपडे मिसळले नाहीत ना? विकतचे कपडे आजच बाजूला करा, त्यांना ही सगळी उठाठेव नको.

टप्पा ३: कसरीचा बंदोबस्त

लोकरीचा प्रत्येक कपडा उजेडासमोर धरा. वेडीवाकडी छोटी भोकं, जाळ्यासारखे बारीक तंतू, रव्यासारखे कण दिसले की कसर आहे असं समजा. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. घाम आणि खरकट्याचे डाग जिथे राहिले असतील तिथे ती आधी लागते. म्हणून गळा, काखा आणि बाह्यांची टोकं नीट पाहा.

संशय असलेला कपडा लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि पिशवी फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशाला दोन आठवडे लागतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आली की उघडा, नाहीतर हवेतलं पाणी कपड्यावर जमतं. जुन्या एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुरेसा थंड नसतो. आइस्क्रीम दगडासारखं कडक राहत नसेल तर शेजारी विचारा.

*सावधान:* एका स्वेटरची कसर पूर्ण ट्रंकेत पसरते. तो तसाच कुणाला दिलात तर त्यांच्या कपाटातही गेली. हा टप्पा वगळून दिलेली भेट समोरच्याच्या घरात नुकसान करते, म्हणून याबाबत मी कुणालाच सवलत देत नाही.

टप्पा ४: धागा कुठला ते पक्कं करा

आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो त्यातलं बरंच ॲक्रिलिक असतं. जुन्या काळचं कॅशमिलॉन म्हणजे ॲक्रिलिकच. हे कळलं नाही तर धुण्याची पद्धत चुकते.

आतल्या शिवणीजवळून इंचभर धागा काढा. स्टीलच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून, चिमट्याने धरून जाळा. केस जळल्याचा वास येऊन चुरडली जाणारी राख उरली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा दुसरा कृत्रिम धागा. कागद जळल्याचा वास आणि करडी मऊ राख असेल तर सुती. निकाल लगेच वहीत लिहा. दहा स्वेटरनंतर कुठला कोणता होता ते आठवत नाही.

टप्पा ५: आधी स्वतःचं ठेवा

लोक हे सगळ्यांत शेवटी करतात आणि मग उरलंसुरलं त्यांच्या वाट्याला येतं. आधी जागा ठरवा: नव्या घरातला एक कप्पा किंवा एक सुटकेस. त्यात मावेल तेवढं तुमचं. त्याचं कारण कुणाला द्यायची गरज नाही. फाटका असला तरी, पुन्हा कधी घालणार नसलात तरी, ठेवावासा वाटतो तो ठेवा.

माझ्या नणंदेने यजमानांचे तिने विणलेले सात स्वेटर समोर मांडले आणि दीड तास त्यांच्याकडे बघत बसली. शेवटी तिने एकच ठेवला, बिनबाह्यांचा राखाडी, ज्याच्या पाठीवर एक टाका चुकलेला होता. तो चुकला तेव्हा लाइट गेली होती, तिने कंदिलाच्या उजेडात ओळ पुरी केली होती. बाकीचे सहा तिने त्याच आठवड्यात मोकळ्या हाताने दिले. आपला कुठला हे ठरलं की बाकीचे सुटतात, हे मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहिलं आहे.

टप्पा ६: चिठ्ठी आणि फोटो

कपडा देताना त्याची माहिती सोबत गेली नाही तर पाच वर्षांत तो नुसता जुना स्वेटर होतो. प्रत्येक कपड्याला वहीत क्रमांक द्या आणि एवढं लिहा: कुणी केला, कुणासाठी, साधारण कधी, धागा कुठला, माप (छाती, उंची, बाही), कुठे काय बिघडलं आहे. साल नक्की आठवत नसेल तर "धाकटा पहिलीत होता तेव्हा" असं लिहा. ते अंदाजाने टाकलेल्या सालापेक्षा खरं असतं.

फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. चार पुरतात: पुढून, मागून, टाक्यांचा जवळून, आणि दोषाचा जवळून. दोषाचा फोटो टाळू नका. घेणाऱ्याने डाग आधी पाहिलेला असला की पुढे कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. कशिद्याचा कपडा असेल तर उलट्या बाजूचाही फोटो घ्या. उलटी टीप, साखळी, भरीव टाका हे जाणकाराला मागूनच नीट कळतं.

चिठ्ठी सुती कापडाच्या तुकड्यावर लिहून आतल्या शिवणीला दोन टाक्यांनी अडकवा. टाचणी किंवा स्टेपल लावू नका, गंजाचा डाग राहतो.

टप्पा ७: विचारा, आणि नको म्हणायची वाट मोकळी ठेवा

धुण्याआधी विचारायचं. शेजारच्या काकूंनी चाळीस कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री करून ठेवले. मागणी आली अकरा कपड्यांना. उरलेल्या एकोणतीस कपड्यांची मेहनत त्यांच्या पाठीवर गेली, आणि मग "एवढं केलं तरी कुणी घेत नाही" हे दुःख निराळंच.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे फोटो टाकू नका. तिथे कुणी संकोचाने हो म्हणतं, कुणी दुसरीने मागितलं म्हणून मागतं. एकेकाला वेगळं विचारा. सुनेसाठी काही असेल तर तिलाच विचारा, मुलामार्फत नको. मुलगा "हो, दे की" म्हणतो आणि कपाट सुनेचं असतं.

निरोप साधा असावा. मी भाचीला असा लिहिला होता:

"मीनल, फोटोतला पिवळा स्वेटर आजीने विणला आहे, तुझ्या आईसाठी, ती कॉलेजात असताना. छाती ३४ इंच. उजव्या कोपरावर रफू आहे, गळ्याशी फिकट डाग आहे. तुला आवडला तर तुझा. नको असेल तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही, दुसरीकडे देईन. दिवाळीपर्यंत कळव."

यात चार गोष्टी आहेत: कुणाचा, काय बिघडलंय, नकार चालेल, कधीपर्यंत. यातली मुदत लोक विसरतात आणि मग उत्तराची वाट बघत गाठोडं नव्या घरी येतं.

एकच कपडा दोघींना हवा असेल तर माझा नियम असा: ज्याच्यासाठी केला होता त्याचा पहिला हक्क, मग त्याच्या मुलांचा, मग ज्याने आधी विचारलं त्याचा. तिसऱ्या पायरीपर्यंत सहसा जावं लागत नाही. झबलं एकीला, टोपडं दुसरीला अशी जोडी फोडू नका.

गेलेल्या माणसाचा कपडा असेल तर तो तसा आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. काही घरांत तो घेत नाहीत, काहींना तोच हवा असतो. नंतर कळलं तर घालणाऱ्याचं मन खट्टू होतं.

*तपासा:* वहीत प्रत्येक क्रमांकापुढे एकच नाव आहे ना? तोंडी दोन ठिकाणी शब्द गेला असेल तर तो आजच मिटवा.

टप्पा ८: धुणं आणि डागडुजी

ज्याला मालक मिळाला तेवढाच कपडा आता धुवायचा.

*लोकर.* आधी कपडा खाकी कागदावर सपाट पसरून पेन्सिलने त्याची बाह्यरेषा काढा. धुतल्यावर याच रेषेत तो बसवायचा आहे. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार करून गाळा. हे पाणी बादलीत मिसळून कपडा पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि नुसता दाबा. चोळायचा नाही, पिळायचा नाही, नळाच्या धारेखाली धरायचा नाही. पांढऱ्या लोकरीला रिठ्याची पिवळट झाक येऊ शकते, तिथे सौम्य साबण वापरा. धुण्याचं आणि खळबळायचं पाणी सारख्याच तापमानाचं असू द्या.

मग जाड टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट गुंडाळून हाताने दाबा. पाणी टॉवेलमध्ये उतरतं. आता कागदावरची रेषा बघून मापात बसवा आणि सावलीत, जाळीवर, आडवा वाळवा. दोरीवर घातलेला स्वेटर स्वतःच्या ओल्या वजनाने गुडघ्यापर्यंत उतरतो.

*सावधान:* खऱ्या लोकरीचा कपडा गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये घातला तर तंतू एकमेकांत गुंततात आणि स्वेटर आटून पुठ्ठ्यासारखा होतो. तो परत पूर्ववत होत नाही. क्लोरीनचं ब्लीच लोकर आणि रेशीम दोन्ही खाऊन टाकतं.

*सुती.* रंग जातो का ते आधी बघा: ओला पांढरा फडका आतल्या शिवणीवर दाबून धरा. जुन्या खणाचा लाल किंवा काळा रंग हमखास सुटतो. असा कपडा एकटाच, गार पाण्यात धुवा. पांढऱ्या कपड्यावरच्या गंजाच्या डागाला लिंबू-मीठ लावून ऊन द्या आणि स्वच्छ धुवा. द्यायच्या कपड्याला खळ करू नका. खळीवर चंदेरी किडे (सिल्व्हरफिश) येतात.

*रेशीम आणि जर.* घरी धुण्याच्या फंदात पडू नका. सावलीत दोन दिवस हवा द्या, जुन्या घड्या मोडून नव्या ठिकाणी घड्या घाला. वर्षानुवर्षं एकाच रेषेत मोडलेली साडी तिथेच विरते. इस्त्री करायचीच तर उलट्या बाजूने, मलमल वर घालून.

*रफू.* नवीन धागा आणायच्या आधी त्याच कपड्यातला शोधा. खिशाच्या आतून, शिवणीतल्या सोडलेल्या टोकांतून हातभर धागा मिळतो. त्याचा रंग तेवढाच उडालेला असतो, म्हणून रफू मिसळून जातं. बटणं हरवली असतील तर एक वेगळं लावण्यापेक्षा सगळी बदला आणि जुनी चिठ्ठीसोबत पुडीत द्या.

टप्पा ९: बाळाच्या कपड्यांना वेगळे नियम

आपल्याकडे तान्ह्याला जुनेर घालायची पद्धत आहे, त्यामुळे जुनी झबली, दुपटी, कुंच्या आनंदाने मागितल्या जातात. पण इथली चूक जिवावर बेतू शकते.

डांबरगोळ्यांत ठेवलेला कपडा तान्ह्याला थेट कधीही घालायचा नाही. त्यातलं नॅफ्थलीन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातं. ज्या बाळाच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, त्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुधा माहीत नसतं. म्हणून असे कपडे बरेच दिवस मोकळ्या हवेत ठेवा, धुवा, पुन्हा हवा द्या. तरीही वास आला तर तो कपडा फ्रेममध्ये लावायला द्या, अंगात घालायला नाही. आणि हे आईला स्पष्ट सांगा.

पुढे ओळीने: कुंचीचे आणि टोपड्याचे गळ्याशी बांधायचे लांब बंद काढून टाका. प्रत्येक बटण आणि टिचबटण ओढून पाहा, सैल असेल तर पुन्हा पक्कं करा. मोजे आणि हातमोजे उलटे करून सुटे धागे कापा. बारीक धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तुटतो आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. गंजकी हुकं काढा. मणी, टिकल्या, आरसे लावलेलं काहीही झोपताना घालायचं नाही, हे चिठ्ठीत लिहा.

टप्पा १०: बांधणं आणि हातात देणं

घडीच्या मध्ये मलमलीची गुंडाळी ठेवली की वळ पडत नाही. त्यावर धोतराचं फडकं, त्यावर खाकी कागद. प्लास्टिक फक्त प्रवासापुरतं. पोचल्यावर काढा असं वर लिहा. लोकरीचे कपडे हवा काढायच्या पिशव्यांत महिनोन् महिने ठेवू नका, विणीचा फुगीरपणा जातो.

परदेशी मुलीकडे पाठवायचं असेल तर कुणाच्या बॅगेतून पाठवणं सगळ्यांत बरं. पार्सल करायचं झालं तर आतल्या वस्तूंचं वर्णन खरं लिहा: वापरलेला, हाताने विणलेला लोकरी स्वेटर.

शक्य असेल तिथे स्वतः हातात द्या, पण बारशाच्या किंवा लग्नाच्या गर्दीत नको. तिथे पाकिटांच्या आणि खोक्यांच्या ढिगात तो हरवतो. एखाद्या दुपारी चहाला बोलवा, चिठ्ठी वाचून दाखवा, कसा धुवायचा ते सांगा.

दिल्यावर हक्क सोडायचा. "घालतेस का गं?" विचारायचं नाही. तिने बाह्या कापून जाकीट केलं किंवा उसवून बाळाची टोपी विणली तरी तो तिचा निर्णय. हे सहन होणार नाही असं ज्या कपड्याबद्दल वाटतं, तो टप्पा ५ मध्ये परत जाऊ दे.

टप्पा ११: ज्यांना मालक मिळाला नाही

चांगला पण कुणी न मागितलेला स्वेटर उसवता येतो. आधी शिवणी सोडवा, मग टाके बंद केलेल्या टोकाकडून उसवा, खुर्चीच्या पाठीभोवती लडी करा, चार ठिकाणी सैल बांधून ओली करा आणि सावलीत टांगा. वळ्या सरळ होतात. विणणाऱ्या कुणालाही ही लोकर हवीच असते. शिवण यंत्रावर कापून शिवलेला असेल तर मात्र उसवू नका, हातात तुकडे येतील.

मऊ सुती साड्यांची गोधडी होते. त्यात रेशीम घालू नका, थर सरकतात. लोकर नको, ती धुताना आटते.

कशिद्याचे नमुने आणि जुने भरीव काम केलेले कपडे गृहविज्ञान महाविद्यालयांच्या वस्त्रविभागाला शिकवण्यासाठी उपयोगी पडू शकतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी रोजच्या वापरातल्या वस्तू जपल्या जातात, पण कुठल्याही संग्रहालयाच्या दारात पिशवी घेऊन जाऊ नका. आधी फोटो आणि वहीतली नोंद पाठवा. नोंद नसलेला कपडा घेण्यात त्यांना फारसा रस नसतो.

धडधाकट, उबदार, पण आठवणीने जड नसलेले कपडे 'गूंज'सारख्या संस्थेला द्या. १९९९ पासून हे काम करणारी ही संस्था कपडे निवडून गावोगाव पाठवते. तिथे तुमची चिठ्ठी कपड्यासोबत जाणार नाही, हे मनाशी धरूनच द्या. स्थानिक वृद्धाश्रम किंवा अनाथाश्रमात न्यायचं असेल तर आधी फोन करून काय लागतं ते विचारा. अनेक ठिकाणी वापरलेले कपडे घेत नाहीत.

*सावधान:* जुनी जर विकत घेणारे साडीतल्या चांदीचा भाव देतात. चांदी काढायला साडी जाळतात. हाताने कशिदा काढलेली साडी त्यांना द्यायची की नाही, हे भाव ऐकायच्या आधी ठरवा.

बोहारणीला द्यायचं गाठोडं तुम्ही स्वतः, दिवसाच्या उजेडात, एकेक कपडा झटकून बांधा. प्रत्येक खिशात हात घालून बघा. आतली बाजूही उलटी करून पाहा.

शेवटी रिकामी ट्रंक. तीही कुणाला देणार असाल तर कोपरे आणि बिजागऱ्यांजवळच्या फटी ब्रशने साफ करा, ओल्या फडक्याने पुसा आणि दोन दिवस झाकण उघडं ठेवून कडक उन्हात ठेवा. वही मात्र ट्रंकेत राहू देऊ नका. तिची एक प्रत मुलीकडे किंवा सुनेकडे द्या, आणि मूळ वही तुमच्या त्या एका कप्प्यात, ठेवलेल्या कपड्यांच्या वर.